उतरायचं कुठे

कॅनडात स्थायिक व्हायला निघालो, तेव्हा त्या देशात पहिल्यांदा उतरायचं कुठे, हे आम्हालाच ठरवायचं होतं. नोकरी हॅलिफॅक्सला होती, पण तिथं थेट विमान नव्हतं. तिकिटं काढून देणारे गृहस्थ म्हणाले, "मॉन्ट्रियलवरून जा. तिथं कागद तपासायची रांग कमी असते."

माझी बायको सुनंदा म्हणाली, "टोरांटोला उतरू. तिथं वासंती आहे."

वासंती तिची शाळेतली मैत्रीण. लग्नांनंतर दोघींची भेट नव्हती. मला हे कारण फारसं पटलं नाही, तरी मी हो म्हणालो.

टोरांटोला रांग खरंच लांबलचक होती. अधिकाऱ्याने कागद पाहिले, शिक्का मारला, हसून स्वागतही केलं. मला विशेष काही वाटलं नाही. बाहेर आलो, तर कठड्यापलीकडे माणसंच माणसं. प्रत्येक जण आमच्याकडे आशेने पाही आणि आपलं माणूस नाही म्हणून नजर काढून घेई. परका मुलूख म्हणतात तो हाच असावा. कुणाचीच नजर आपल्यावर ठरत नाही.

मग एक नजर ठरली. जाड कोटातली एक बाई गर्दीतून वाट काढत आली आणि सुनंदाला मिठी मारून म्हणाली, "किती गं उशीर केलास!"

रांगेमुळे झालेला, की इतक्या वर्षांचा, हे मी विचारलं नाही. घर सोडल्यापासून गप्प असलेली सुनंदा पुढच्या विमानाची वेळ होईपर्यंत बोलत राहिली.