टाकी ठेवायची जागा

हनीफचाचा गेल्याचं मला कळलं, तेव्हा त्यांना माती देऊन झाली होती. आमच्या कंपनीत शॉप फ्लोअरवर, मशीनपाशी, फोन नेऊ देत नाहीत. गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि शिफ्ट सुटली की घ्यायचा. त्या दिवशी लॉकर उघडला तर बबनरावांचे सात मिस्ड कॉल. बबनराव भामा आसखेड धरणावर मासेमारी करतात, चाचांचे जुने गिऱ्हाईक. बसच्या रांगेतूनच फोन लावला. "सर, हनीफभाई गेले सकाळी. दुपारच्या नमाजानंतर नेलं बी. तुमची लई वाट पाह्यली…" पुढे ते काय बोलले ते आठवत नाही. कंपनीच्या बस एकेक करून निघत होत्या. मी माझी बस सोडली, तिच्यामागची पण सोडली. आता चाकण गावात चाचांकडे जाऊन उपयोग नव्हता आणि घरी जाऊन हे कुणाला सांगावं तेही कळत नव्हतं, कारण घरात चाचांना ओळखणारं कुणी नाही.

मी उदगीरकडचा. वडील मोंढ्यात हमाल होते. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला, आणि ते मी कुणालाही ताठ मानेनं सांगतो. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागलो, तेव्हा खोली मिळाली ती हनीफचाचांच्या गॅरेजच्या माळ्यावर. खोलीत अजून एक जण होता, पण त्याची रात्रपाळी आणि माझी दिवसाची. चार महिने आम्ही एकमेकांना फक्त झोपलेलं पाहिलं. गुरुवारी सुट्टी. इथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि गावाकडच्या सगळ्या मित्रांची रविवारी, त्यामुळे त्या दिवशी फोन करावा असंही कुणी मोकळं नसायचं. पहिल्या दोन-तीन गुरुवारी मी नुसता जिन्यात बसलो. चौथ्या गुरुवारी खालून आवाज आला, "बेटा, ऊपर बसून पायऱ्या झिजवतो, त्यापेक्षा खाली येऊन पाना तरी धर."

मग चार वर्षं माझे गुरुवार तिथेच गेले. चाचा दुचाकी दुरुस्त करायचे, फवारणीचे पंपही. शाळेत कधी गेले नव्हते. नव्या पार्टची डबी आली की माझ्यापुढे धरायचे, "वाच रे, काय लिवलंय." मी वाचायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आढ्याला एक आकडा होता आणि त्याला सलाइनची रिकामी बाटली टांगलेली. गाडीची टाकी काढून ठेवली की त्या बाटलीत थोडं पेट्रोल भरायचं, नळी इंजिनला जोडायची आणि किक मारायची. दवाखान्यात लावतात तसंच. "पेशंट बोलायला लागला की मग टाकी बसवायची," असं म्हणायचे. त्या बाटलीवर त्यांचा फार विश्वास होता. सगळ्या चाकणची इंजिनं तिच्याखाली बोलती झाली होती, त्यामुळे माझाही होता.

एका गुरुवारी बबनरावांनी मोटरसायकलवर गोणपाटात गुंडाळून होडीचं मशीन आणलं. होडीच्या मागे अडकवतात ते, खाली पंखा असलेलं. कोकणात कुणीतरी वापरून टाकून दिलेलं, खाऱ्या पाण्यानं रंग गेलेलं. तक्रार एवढीच, की काठाकाठानं हळू गेलं तर नीट चालतं, पण धरणाच्या मध्यावर जाऊन मूठ पिळली की दम तोडतं. चाचांनी ते पाण्यानं भरलेल्या निळ्या ड्रमच्या काठावर अडकवलं, बाटली लावली, दोरी ओढली. मशीन अर्धा तास न अडखळता चाललं. तरी प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला. बबनराव घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात परत घेऊन आले. मग कॉइल झाली, मग सायलेंसर उघडला. मी कंपनीत करतो तसा तक्ता कागदावर काढून भिंतीला चिकटवला… ठिणगी, दाब, इंधन, हवा. एकेक तपासून खूण केली. सगळं बरोबर. "तुझ्या डिग्रीला विचार, काय म्हणती," चाचा म्हणायचे आणि मी म्हणायचो, "डिग्री म्हणते, मशीन निरोगी आहे." बबनराव कपाळाला हात लावायचे. "भाई, तुमच्याकडं माहेरी आल्यावाणी हसतंय. सासरी नेलं की तोंड फुगवतंय."

तीन महिने असं चाललं. एकदा वाऱ्यात ते मध्यावर बंद पडलं आणि बबनराव वल्ही मारत अर्ध्या दिवसानं काठाला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचांना शांतपणे सांगितलं, "भाई, राग मानू नका. भंगारात घालतो आता." चाचांच्या हातातली चहाची बशी तिथेच थांबली. आपल्या दारातून मशीन बंद अवस्थेत गेलं नाही, हे ते नेहमी सांगायचे. फुशारकी म्हणून नव्हे. त्यांच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं. बायको वारलेली, मुलगा नाही, दोन्ही मुली लांब दिलेल्या. बशी खाली ठेवून म्हणाले, "एक गुरुवार दे, बबन. आम्हीच येतो."

त्या गुरुवारी आम्ही तिघं होडीत बसलो. मशीन चाचांच्या हातात, बबनराव पुढे आणि मी मध्ये, पायाशी पेट्रोलची टाकी. ही टाकी गॅरेजला कधी आलीच नव्हती, कारण मोटरसायकलवर मशीन आणि टाकी दोन्ही मावायची नाहीत. मध्यावर गेलो, चाचांनी मूठ पिळली, मशीन थोडं धावलं आणि मेलं. मग जी शांतता झाली ती मला अजून आठवते. चारी बाजूंना नुसतं पाणी. पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून मी टाकी उचलून मांडीवर घेतली, मग खांद्याशी धरून हलवली. चाचांनी सहज दोरी ओढली. मशीन लागलं. मूठ पिळली तरी चालूच राहिलं. हात भरून आले म्हणून मी टाकी खाली ठेवली, तर पुन्हा आचके द्यायला लागलं. उचलली, की परत धावायला लागलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. होडीत टाकी खाली असते, मशीन वर. पेट्रोल ओढून घ्यायचं काम मशीनच्या पंपाचं. तो पंपच अधू होता. आणि गॅरेजमध्ये आम्ही तीन महिने बाटली आढ्याला टांगत होतो, पेट्रोल आपोआप खाली येत होतं. पंपाला कुणी काम सांगितलंच नव्हतं.

काठापर्यंत टाकी मी डोक्यावर धरून आलो. काठावरचे चार-पाच जण हसत होते, बबनराव हसत होते, चाचासुद्धा. तिथे माझ्या डोक्यात हवा गेली. सगळ्यांसमोर म्हणालो, "चाचा, तुमच्या सलाइननंच पेशंट बरा दिसत होता. चार बुकं शिकला असता तर तीन महिने फुकट गेले नसते."

हसणं थांबलं. खरं तर त्या तीन महिन्यांत ती बाटली निम्म्या वेळा मीच टांगली होती. भिंतीवरच्या तक्त्यात इंधनापुढे बरोबरची खूण माझीच होती. माझे वडील अंगठा उठवतात, आणि त्यांना असं कुणी बोललं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. चाचांनी रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, "बरोबर है, साहेब."

पंप उघडला तेव्हा आतल्या रबराच्या पातळ पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक निघालं. पडदा बदलला, मशीन आजही चालतंय. पण मला त्या दिवसापासून "बेटा" म्हणणं बंद झालं. रुसवा नाही, टोमणा नाही. मी खाली गेलो की स्टूल पुसून पुढे करायचे, "बसा साहेब." डब्या वाचायला द्यायचे, पण "वाचा" म्हणायचे. कंपनीत साहेब म्हणवून घ्यायला मला आवडतं, खोटं कशाला सांगू. त्या शेडमध्ये तो शब्द ऐकला की माळ्यावर परत जावंसं वाटायचं. पुढे लग्न झालं आणि आम्ही पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर राहायला गेलो. चाचांकडे जाणं सणावारापुरतं उरलं. मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन गेलो, ती शेवटची भेट. वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं… चाचा, त्या दिवशी माझं चुकलं. त्यांनी पेढा कपाळाला लावला आणि म्हणाले, "मुबारक हो, साहेब." वाक्य माझ्याजवळच राहिलं.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मात्र गेलो. जेवणं झाल्यावर बबनरावांनी चाचांच्या जावयाकडून किल्ली घेतली आणि शेड उघडून दाखवली. जागा भाड्यानं गेली आहे, पुढच्या महिन्यात तिथे मोबाइलचं दुकान होणार. पाने, ड्रम, बरंचसं सामान आधीच कुणी कुणी नेलं होतं. बाटली आढ्याला तशीच होती. ड्रमच्या जागेशेजारी मात्र जमिनीत एक कडाप्पा बसवलेला दिसला, हातभर लांब, कडेनं सिमेंट केलेला. माझ्या वेळी तो नव्हता. विचारलं.

"टाकी ठेवायची जागा हाय ती, मशीनच्या खाली, होडीत असती तशी," बबनराव म्हणाले. "आपलं मशीन दुरुस्त झालं त्याच आठवड्यात भाईंनी बसवली. नंतर धरणावरची आणखी मशीनं यायला लागली ना, तर टाकी आणल्याबिगर हात लावायचे न्हाईत. म्हणायचे, बाटली ऱ्हाऊ द्या, आधी टाकी बेटे की जगह पे रखो. आमी तिला तसंच म्हणतो. नवीन माणसांना वाटायचं, भाईंना पोरगा हाय कुणी."

मी खाली वाकून कडाप्प्यावरची धूळ हातानं पुसली.

"म्हंजे तुमाला ठावं न्हवतं?"

"नाही."

बबनरावांनी बाहेर गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडीत पहार हाय. उचकटून देऊ का? न्हाईतर हे मोबाइलवाले टाइल्स टाकणार वरून." मी नको म्हणालो. अकराव्या मजल्यावर ती फरशी मी कुठे ठेवणार होतो, आणि तिच्यावर काय ठेवणार होतो?

ते चहा सांगायला गेले. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि त्या कडाप्प्यावर बसलो. तिथून वर पाहिलं तर बाटली फार उंच दिसत होती.