खिडकी लाव आधी

आमच्याकडे चिटपाखरू नाही, असं मी पुण्याला फोनवर सांगायचे. खोटंच ते. इथे माणसं नाहीत. पाखरं हवी तेवढी. नवऱ्याची नोकरी जर्मनीत, ब्राउनश्वाइगला, तिथे घर मिळेना, म्हणून आम्ही आलर नदीकाठच्या या पाणथळ गावात येऊन पडलो. हिवाळा सरताना नदी कुरणांत शिरते आणि महिना महिना हलत नाही. इथल्या शांततेचा मला मनापासून तिटकारा आहे.

गेल्या मार्चमध्ये आई अंथरुणाला खिळली. "ये गं एकदा," रोज म्हणायची. माझ्या इथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपलेली आणि नव्या कार्डासाठी ऑफिसातला टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळत नव्हता.

"कार्डाशिवाय गेलीस तर परत येता येणार नाही," नवरा म्हणाला. "थोडी थांब."

मी थांबले. आईची कूस कधी बदलायची, पेज किती पातळ करायची, हे वहिनीला इथून सांगत राहिले. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

एका दुपारी आईशी बोलायला माझ्याकडे काही उरलंच नाही. कुरणात एक पक्षी रोज ओरडायचा. शेजारचे आजोबा त्याला किबित्स म्हणायचे आणि त्याच्या घरट्यांसाठी शेताचा तुकडा न नांगरता ठेवायचे. इथलं तेवढंच मला आवडायचं. मी खिडकी उघडून फोन बाहेर धरला.

"ऐक, आई."

ती एकदम खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं, ही तर टिटवी! खिडकी लाव आधी!"

टिटवी घराशी ओरडली की घरातलं माणूस जातं, हे लहानपणापासून ऐकलेलं. "तसलं काही नसतं, आई. तू बरी होशील."

"माझं काय घेऊन बसलीस? तुझ्या घरावर ओरडतेय ती. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक."

आठवड्याने आई गेली. कार्ड त्यानंतर दोन महिन्यांनी आलं. "आता केव्हाही जाता येईल," नवरा म्हणाला. पण कोणाकडे? परवाना गेला असता तर गेला असता, मी जायला हवं होतं. याला माफी नाही.

परवा आजोबांनी हौसेने दार वाजवलं. किबित्स परत आलेत, ऐकलंत का?

"हो, हो," म्हटलं, "ऐकलं."

आत येऊन खिडकी लावली. आई 'ये' म्हणाली, ते मी ऐकलं नाही. आता एवढंच ऐकते.