आठ चांदण्या

हुपरीत ज्याच्या घरी पैंजण घडत नाहीत त्याला लोक विचारतात, मग तुम्ही करता तरी काय? कृष्णातचे दोन्ही भाऊ चांदीकामात होते. हा एकटा शिकला आणि रोज सकाळच्या एसटीनं शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत जायला लागला. काम तपासणीचं. ओतून आलेला माल उलटसुलट करून बघायचा आणि भेग दिसली की लाल खडूनं फुली मारायची. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असलं सुख कुणाला मिळतं? त्याच्या नजरेतून केसाएवढी भेग सुटत नसे, आणि हे सांगायला दुसरं कुणी लागत नसे, तो स्वतःच सांगायचा.

चौऱ्याण्णव साली त्याचं लग्न झालं. निशिगंधा गगनबावड्याची. कोल्हापुरात मावशीकडं राहून टायपिंग शिकलेली, चाळीस स्पीडची परीक्षा पास. हुपरीच्या घरात त्या चाळीसला विचारतो कोण? चार खोल्या, अकरा माणसं आणि दिवसभर ठोकाठोक. तिला रोज चार ओळी लिहायची सवय होती. वही ती गादीखाली ठेवायची. एके दिवशी ती मोठ्या जावेच्या हाती लागली आणि तिनं सासूला, बायडाबाईंना, सगळ्यांच्या देखत वाचून दाखवली. घर हसलं. वहीत होतं तरी काय? आईची आठवण, बावड्याचं धुकं, आणि "हे आज लवकर आले". निशिगंधानं वही चुलीत घातली आणि लिहिणं सोडून दिलं.

कृष्णातला हे फार लागलं. माणूस मनानं वाईट नव्हता, एवढं मान्य करायलाच पाहिजे. तेव्हा तो सुटी झाल्यावर सी भाषेच्या क्लासला जायचा. कारखान्यानं काढून टाकलेला एक कॉम्प्युटर त्यानं पोत्यात गुंडाळून, कंडक्टरशी हुज्जत घालत घरी आणला आणि दोन महिने खपून बायकोसाठी एक वही तयार केली. काळा पडदा, पांढरी अक्षरं. वही उघडायची तर आधी शब्द टाकायचा. टाकताना प्रत्येक अक्षराच्या जागी नुसती चांदणी उमटायची, म्हणजे मागं उभं राहणाऱ्याला काही कळायला नको. आतला मजकूरही त्या शब्दानंच असा कालवून ठेवलेला, की शब्द ठाऊक नसेल तर वही बनवणाऱ्यालासुद्धा वाचता येऊ नये.

"शब्द कुणाला सांगू नको," तो म्हणाला. "मलाबी न्हाय."

"तुमास्नी काय चोरी?" ती हसली. "बावडा. इंग्रजीत सहा अक्षरं. कवाबी उघडून बघा की."

ती मराठीच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत. आता जावेनं कितीही मान लांब केली तरी दिसणार काय, डोंबल! त्या दोघांचं सगळ्यात चांगलं वर्ष ते. पुढं कोल्हापुरात दोन खोल्या घेतल्या, त्यात कॉम्प्युटर आला आणि तिच्या वडिलांनी घेऊन दिलेला जुना टाइपरायटरही आला.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ती माहेरी गेली होती. रविवारचा दिवस, घरात एकटा माणूस, त्याला खाज सुटली. आपल्याबद्दल काय लिहिलंय बघावं. तिनं सांगितलंच होतं की. त्यानं शब्द टाकला. पडद्यावर आलं, शब्द चुकला. पुन्हा सावकाश टाकला. चुकला. मोठ्या अक्षरांत टाकला. चुकला. ती परत आल्यावर तो पेपर वाचायचं निमित्त करून तिच्या मागं बसला आणि ती शब्द टाकत असताना त्यानं चांदण्या मोजल्या. आठ भरल्या.

सांगितली सहा आणि टाकते आठ. म्हणजे बाईनं आपल्याला सरळ खोटं सांगितलं. मग आत असं काय आहे, जे नवऱ्याला दिसायला नको?

अरे, तोंड होतं ना, विचारावं! पण विचारायचं म्हणजे ती नसताना वही उघडायला गेलो होतो हे कबूल करायचं, आणि ते त्याच्या जिवावर आलं. आपल्या प्रोग्राममध्येच भेग असेल हे तर त्याच्या मनालाही शिवलं नाही. जगाच्या मालावर फुल्या मारणारा हा माणूस, त्याला शेजारच्या बायकोपेक्षा स्वतःच्या हातच्या ओळी खऱ्या वाटल्या.

भांडण नाही, आदळआपट नाही. तो नुसता बोलायचा थांबला. वाढू का, वाढ. येणार कधी, येईन. तिनं दोन-तीनदा विचारून बघितलं.

"काय झालंय तुमास्नी? माझं काय चुकलं असलं तर सांगा की."

"काय न्हाय."

अशी सात वर्षं गेली. मूलबाळ झालं नाही. दोन हजार चारच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली, अंगावर काढली, आणि तीन आठवड्यांत ती गेली. शेवटच्या संध्याकाळी दवाखान्यात त्याला वाटलं, आता तरी विचारावं. तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली आणि ते राहून गेलं.

त्यानंतर त्याला एकटेपण कळलं. हात सवयीनं दोघांचा भात लावायचा आणि उरलेला तो सकाळी फोडणी देऊन खायचा. भाऊ म्हणाले, हुपरीला ये. तो गेला नाही. एकटा माणूस भिंतीशी तरी बोलतो म्हणतात, पण ह्याची ती सवयही मोडली होती. फाउंड्रीतून आला की तो खुर्चीत बसायचा आणि समोरच्या बंद कॉम्प्युटरकडं बघत राहायचा. तिच्यावरचा राग गेला नव्हता आणि तिच्यावाचून करमतही नव्हतं.

वर्षभरानं त्यानं तिचा टाइपरायटर देऊन टाकायचं ठरवलं. ती जिथं शिकली तो टायपिंगचा क्लास अजून चालू होता. तिथल्या शालूबाई आता सत्तरीला आल्या होत्या.

"ठेवा हितं, पावणं," त्या म्हणाल्या. "निशाचं मालक व्हय तुमी? लई गुणाची पोरगी."

त्यांनी मशीन चालतंय का बघायला कागद चढवला. स्पेसबार एकदा दाबला, मग एक घर मागं नेणारं बटण एकदा दाबलं. टक, टक. मगच ओळ टाइप केली.

तो आवाज कृष्णातच्या ओळखीचा होता. वही उघडायच्या आधी रोज तो त्याच्या पाठीमागं वाजायचा.

"बाई, हे आधी काय केलासा?"

"जुनी मशिनं ही. कॅरेज अडकतंय, पैलं अक्षर अर्धं उठतंय. म्हणून एक घर पुढं, एक घर मागं, मग सुरवात. माझ्या समद्या पोरींच्या बोटांत हाय ते. कॉम्प्युटरवर बसल्या तरी जाईत न्हाय."

कृष्णात तिथल्या बाकावर बसला. टाइपरायटरवर त्या दोन बटणांनी कागदावर काही उमटत नाही. पण त्याचा प्रोग्राम शब्द विचारताना एंटर सोडून येईल ते बटण अक्षर म्हणून धरायचा. स्पेसही, आणि मागं नेणारं बटणही. खोडायची सोय करायला तो विसरला होता. पहिल्या दिवशी शब्द ठरवताना आणि मग रोज, दोन ती आणि सहा बावड्याची. तिला हे ठाऊकसुद्धा नव्हतं. तिची बोटं आपली चालायची, चांदण्या मोजल्या होत्या त्या ह्यानं.

घरी येऊन त्यानं कॉम्प्युटर लावला. एक घर पुढं, एक घर मागं, मग बावडा. वही उघडली.

सुरुवातीला रोजच्या चार-चार ओळी होत्या. "यांनी मला वही करून दिली. असं कुणी कुणाला करून दिलं नसेल." सत्त्याण्णवच्या मेनंतर तारखेखाली एकच ओळ. आज बोलले नाहीत. आज बोलले नाहीत. आज आमटी चांगली झाली म्हणाले. आज बोलले नाहीत. तो एक बटण दाबून धरून सात वर्षं खाली उतरला. शेवटची नोंद दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसाची होती. "वही कधीही उघडून बघा म्हणून सांगितलं होतं. यांनी एकदाही बघितली नाही. बघितली असती तर बोलले असते."

"बघितली ग मी," तो मोठ्यानं म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.

ती भेग बुजवायला प्रोग्रामच्या चार ओळी पुरल्या असत्या. त्यानं बुजवली नाही, कारण बुजवली असती तर तिचा शब्द चालला नसता. आता फाउंड्रीतून आल्यावर तो कॉम्प्युटर लावतो, एक घर पुढं जातो, एक घर मागं येतो आणि बावडा टाकतो. आज तिच्याशी जे जे बोलला असता ते तिच्या शेवटच्या ओळीखाली लिहितो. मग वही बंद करून एका माणसाचा भात लावतो.