लिहून घेणारी बाई

गावोगावच्या दवाखान्यांचं धोरण ठरवायला दिल्लीहून खासदारांची समिती साताऱ्याला आली, तेव्हा आमच्या गावाकडून मीही बोलायला गेलो. दवाखान्यात डॉक्टर नव्हता म्हणून माझ्या बायकोनं तिथल्या बाकड्यावर जीव सोडला, एवढंच मला सांगायचं होतं.

टेबलाच्या कडेला एक बाई सगळ्यांचं बोलणं लिहून घेत होती. चष्मा कपाळावर चढवलेला. कुणाला रडू आलं की ती पेन थांबवायची, पाण्याचा ग्लास पुढं सरकवायची आणि खाली मान घालून वाट बघायची.

सगळ्यांत म्हातारा म्हणून अध्यक्षांना फेटा बांधायचा मान मला दिला. बांधला. लगेच माझी बोलायची पाळी आली. आपल्याच हातानं फेटा बांधलेल्या पाव्हण्यापुढं रडगाणं कसं गायचं? मी हात जोडले. "समदं झ्याक हाय, सायेब."

बैठक उठल्यावर जिन्यात त्या बाईला गाठलं. "ताई, माजी कारभारीण डॉक्टर न्हवता म्हणून गेली. तेवढं लिवा की."

तिनं वहीतली माझी ओळ काढली, चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वाचली. "आजोबा, बैठकीत बोललेलंच मला लिहिता येतं. तेव्हा का नाही बोललात?"

ती माझ्या उत्तरासाठी थांबून राहिली, तेव्हा मीच जिना उतरलो.

दिल्लीला गेलेल्या कागदात माझ्या बायकोचं मरण नाही. ते लिहायचं राहून गेलं, त्याचा दोष मात्र डॉक्टराला देता येत नाही.