हॉलचं बीपी, बाल्कनीचं बीपी

मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात सगळे ऋतू एकाच वेळी नांदतात. हॉलमध्ये एसी, म्हणून तिथे डिसेंबर. स्वयंपाकघरात ऑक्टोबरची तलखी. बाल्कनीत साक्षात मे. आणि न्हाणीघरात कुठला ऋतू म्हणायचा कोण जाणे, पण दुपारी नळ सोडला तर नुसती पत्ती टाकायची खोटी, चहा तयार. मी सत्तरीची बाई शाल कधी पांघरत, कधी फेकत या ऋतूंमधून दिवसभर प्रवास करते.

या वर्षी हॉलमधल्या डिसेंबरातून उठून मी तडक खाली भाजीच्या गाडीवर गेले आणि दुधीभोपळा हातात घेऊन गरगरले. दुधी सोडला नाही, एवढंच. पण मुलाने फर्मान काढलं, "बीपी तीन दिवस सरळ आलं तरच काटोलले जायचं. नाही तं नाही."

हे मात्र जिव्हारी लागलं. काटोलला माझी थोरली बहीण राहते, तिला मी बाई म्हणते. दर मे महिन्यात आम्ही दोघी तिच्याकडे लोणचं घालतो. लोणचं हे सांगायला. खरं काम म्हणजे चार दिवस लेकासुनांच्या कागाळ्या. बाई ऐंशीला टेकली आहे, गुडघे गेलेत. ती इकडे येत नाही आणि फोनवर तिला अर्धंच ऐकू येतं. कागाळ्या ओरडून सांगता येत नाहीत, सून घरातच असते.

बीपी सूनबाई घ्यायची, हॉलमध्ये सोफ्यावर बसवून. पहिल्या दिवशी एकशे साठ.

"आई, वाढून राहिलं न."

"काहून वाढते वं? बसूनच तं आहो मी."

दुसऱ्या दिवशी मशीन स्वयंपाकघरातच लावलं, कारण मी मोहरी भाजत होते. एकशे तीस! माझ्या डोक्यात एकदम कॉलेजची प्रयोगशाळा उजळली. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली आहे. तापवलेला धातूचा गोळा फुगतो आणि कडीतून जात नाही, गार झाला की जातो, हा प्रयोग मी स्वतः केला होता. थंडीत आवळतं, उन्हाने सैलावतं. म्हणजे बीपी माझं नव्हतंच, खोलीचं होतं!

याच फिजिक्सच्या जोरावर मी एकेकाळी सासूबाईंना शिकवत असे. त्या उन्हातून आल्या की आत पाऊल टाकत नसत. उंबऱ्याशी बसायच्या, तोंडात गुळाचा खडा, आणि म्हणायच्या, "घाम मरू दे." मी तेवीस वर्षांची, नाकाचा शेंडा आकाशात. उन्हातून यायचे ती थेट कूलरपुढे उभी, हातात फ्रीजमधली बाटली, आणि वर व्याख्यान, "आई, घाम मरत नसतो, त्याचं बाष्पीभवन होतं." सासूबाई गूळ चघळत माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी परीक्षेत पास झाले यातच काहीतरी घोटाळा असावा. आज ती तेवीसची भवानी भेटली तर मी तिला आधी दुपारच्या बाल्कनीत उभी करीन आणि मग बाष्पीभवन विचारीन.

पण भवानी गेली कुठे होती? तिसऱ्या दिवशी तीच तर उठली. बीपी घ्यायच्या आधी मी बाल्कनीत जाऊन बसले, भर दुपारी, अंगाला शाल घट्ट गुंडाळून. एकशे तीस कशाला, चांगलं एकशे वीस आणून दाखवू म्हटलं. बाजूला चादरीवर कुरड्या वाळत होत्या, मीही त्यांच्याबरोबर वाळत होते. सुनेची हाक आली तशी दिमाखात उठले. काटोल डोळ्यांपुढे आलं, मग दोन काटोल आली, मग काहीच नाही. मी कुरड्यांवर बसले. आवाज असा झाला की सूनबाईला वाटलं, माझी हाडंच मोडली.

"आई! काय मोडलं?"

"कुरड्या," मी म्हटलं.

"सगळ्या?"

तिचा जीव आधी माझ्यावरून कुरड्यांवर आणि मग परत माझ्यावर आला. तिने मला आत ओढलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि शालीकडे बघितलं. मग सगळं तिच्या ध्यानात आलं.

"मशीनले फसवून राहिल्या होत्या?"

"मशीन काटोलले कुठं येते वं?"

डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, म्हातारपणी अंगाला ऊन-गारवा सांभाळायला वेळ लागतो. थंडीत नसा आवळतात, उन्हात सैल पडतात, वर बीपीची गोळी आहेच. खोल्या बदला, पण हळूहळू. मधे थांबा, पाणी प्या.

म्हणजे सासूबाईंचा उंबरठा! फक्त फी देऊन.

मग काटोलचं काय? मुलगा नाहीच म्हणत होता. सूनबाईच मधे पडली, "मी नेतो त्याईले." पुढच्या कुरड्या तरी वाचाव्यात, असा तिचा हिशेब असणार. एसी सत्तावीसवर आला, हॉल आणि बाल्कनीच्या मधल्या बोळकांडीत माझ्यासाठी स्टूल आलं, आणि आठवडाभर मी बसच्या थांब्यावर बसावं तशी त्यावर बसत होते. बीपी सगळीकडे जवळजवळ सारखं यायला लागलं. मग एका सकाळी निघालो. वाटेतलं कळमेश्वर मागे पडल्यावर सुनेने गाडीचा एसी थोडा थोडा कमी करत आणला आणि शेवटी काचा उघडल्या. काटोलला उतरले तेव्हा मी बाहेरच्या हवेशी पुरती जुळलेली होते.

बाईच्या दारात गेले आणि आतून डिसेंबर अंगावर आला. तिच्या मुलाने या वर्षी एसी बसवला होता. बाई आत पलंगावर, स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून, पुढ्यात कैऱ्यांचं टोपलं.

"ये ना वं! तुह्यासाठी सकाळपासून थंडगार करून ठेवलं!"

मी पायरीवरच बसले.

"काहून बसली तं बाहेर?"

"घाम मरू दे, बाई."

"काय? कोण मेलं?"

सूनबाई शेजारीच उभी होती, तरी मला ओरडून सांगावं लागलं. बाईने शेवटी समजून मान हलवली आणि आतून दोन वस्तू फेकल्या. पहिला गुळाचा खडा. दुसरा स्वेटर.