दोन कळश्या

मुरुमच्या एका अडत्याकडं गोरोबा ड्रायव्हर होता. मालकाची जुनी मोटार सकाळी गपगुमान चालू व्हायची आणि दुपारी हटून बसायची. लोक म्हणायचे, लिंबू-मिरची बांधा. लिंबानं कधी इंजिन थंड होतं का? गोरोबानं बोनेट उघडून उघडून शेवटी रोग शोधला. उन्हानं पंप तापला की पेट्रोल पुढं जात नव्हतं. पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबलं की मोटार चालू.

साठ सालच्या वैशाखात तो आजारी आईला, हरणाबाईला, सोलापूरच्या दवाखान्यात नेत होता. अणदूरच्या अलीकडं तिला उलटी आली म्हणून त्यानं मोटार बंद केली. ती पुन्हा चालू होईना. आसपास नुसता माळ, आणि कळशीत तळाला गेलेलं पाणी.

"गोरोबा, घोटभर दे रं."

"आधी पंपाला लागतंय, आये. दवाखान्यात पोटभर पी."

सगळं पाणी त्यानं फडक्यावर ओतलं. मोटार चालू झाली. आई वाटेतच गेली.

पुढं तो मोटारीत दोन कळश्या ठेवायचा. एक पंपासाठी. दुसरी त्याच माळावर थांबून मातीत ओतायचा. मालक चिडायचे, "पाणी वाया घालवतोस."

तो म्हणायचा, "व्हय."