परभणीचा बर्फमिस्त्री

मे महिन्यात आमच्या परभणीत वसमत रोडचं डांबर माणसाच्या चपला ओढून घेई आणि मृगाच्या आसपास परत देई. शेजारच्या काकू उभ्या जीपच्या बॉनेटवर पापड वाळत घालायला जात, ते तळून निघत. हे मी काही वाढवून सांगत नाही, खाल्लेले आहेत मी. अशा गावात जिंतूर रोडला लिंबाखाली एका माणसाचं गॅरेज होतं, आणि तो कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न विचारी, "हिला थंडी सोसती का?"

त्याचं खरं नाव त्याच्या रेशनकार्डालाच ठाऊक असेल. अख्खा जिल्हा त्याला बर्फमिस्त्री म्हणायचा. पन्नाशी ओलांडलेला, मेंदी लावलेली दाढी, आणि भर उन्हाळ्यात अंगात खाकी स्वेटर. लष्कराच्या नोकरीतून परत आला तेव्हापासून तो उतरवलेला कुणी पाहिला नव्हता. समोरच्या हॉटेलातले टवाळ त्याला हाक मारत, "चाचा, आज बर्फ पडंल का?" तो पान्यानं नट आवळत शांतपणे म्हणे, "पडला तर माझ्या गाड्या चालू होतील. तुमचं तुमी बघा."

माझी लष्करी लिलावातली जुनी पेट्रोलची जीप परभणी-जिंतूर सवाऱ्या मारायची. आत बावीस माणसं, टपावर शेळ्या, आणि बॉनेटवर बसलेल्याचं अर्धं तिकीट. ते नामांतराचे दिवस होते. कधी मोर्चा, कधी बंद, रस्ता कधी बंद होईल याचा नेम नसे. रस्ता बंद झाला की मी जीप लिंबाखाली लावून मिस्त्रीजवळ बसायचो आणि तो 'वर'च्या गोष्टी सांगायचा. हिमालयाला तो 'वर' म्हणे, जसा काही तो त्याच्या घराचा माळाच. "गरमी झाली की गाडी बोंबलती, मियाँ. थंडी झाली की गुमान मरती. म्हून गरमीला भ्यायचं न्हाई, थंडीला भ्यायचं." आम्ही मान डोलवायचो आणि घामानं निथळायचो.

एका वर्षी दिवाळीनंतर ही सगळी विद्या आमच्या दारात येऊन उभी राहिली. माझी धाकटी बहीण, घरात सगळे तिला ताईच म्हणत, हिमाचलात होती. भाऊजी एका धरणाच्या कामावर ओव्हरसियर. तिला आठवा लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवासाची सक्त मनाई केली. पत्र वाचून मी आईकडं पाहिलं. आईनं निवडत असलेल्या डाळीचं ताट खाली ठेवलं.

"लेक माहेरी येत नसंल तर माहेर लेकीकडं जाईल," ती म्हणाली.

आता आईच्या लेखी माहेर म्हणजे बाज, पाळणा, शेगडी, शेक द्यायच्या गोवऱ्या आणि दोन डबे डिंकाचे लाडू. हे रेल्वेत मावेना. शिवाय भाऊजींनी लिहिलं होतं की एकदा बर्फ धरला की एसटी खालच्या गावातच थांबते, पुढं ज्याचं त्यानं बघायचं. भाऊजी दिवसभर कामावर, ताई एकटी, वर दवाखाना नाही, तो खालच्या गावात. म्हणजे जीपच न्यायची. मी मिस्त्रीकडं गेलो. मला वाटलं हा आनंदानं टायर उडवील. पण त्यानं हातातला पाना पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसतच राहिला.

मग तो कामाला लागला. वालूरच्या लोहाराकडून दावणीच्या साखळ्या जोडून चाकांना जाळ्या करून आणल्या. हैदराबादहून दोन डबे हिरवं पाणी मागवलं, रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून त्यात मिसळायला. इंजिनातलं काकवीसारखं जाड तेल काढून पातळ तेल भरलं. रबरांना औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन चोळलं. चोळताना जीपचा चेहरा असा उजळला की दोघातिघांनी मला ती विकणार का म्हणून विचारलं. आणि आईला त्यानं सांगितलं, "भाभी, हिला गोधडी पायजे. म्होरून उघडती-मिटती." आईनं जुन्या लुगड्यांची तीनपदरी गोधडी शिवली, बॉनेटवरून रेडिएटरपर्यंत येणारी, गळ्याशी नाड्या असलेली. साऱ्या गल्लीनं ओळखलं: जीपला कुंची शिवली होती.

मला मात्र त्यानं पाठ म्हणायला लावला. संध्याकाळी बॅटरी काढून घरात निजवायची. हँडब्रेक ओढायचा नाही, ओला असला तर गोठतो; गिअरमध्ये ठेवून चाकाखाली धोंडा. काचेवर गरम पाणी कधीच नाही. चुकलो की तो पहिल्यापासून म्हणायला लावी. शाळेत मी पाढे म्हटले नाहीत तेवढा मी तो बर्फाचा पाठ म्हटला.

शेवटी परीक्षा. परभणीत थंड जागा एकच, बर्फाचा कारखाना. सीझन संपलेला, शेठ रिकामा. मिस्त्रीनं जीप बर्फाच्या खोलीत लोटायला लावली, चारी बाजूंनी लाद्या रचल्या, वर भुसा आणि पोती. बातमी गावभर. चार तासांनी दार सताड उघडलं तेव्हा बाहेर आठवडी बाजाराएवढी गर्दी होती. मी हँडल मारलं. एकदा, दोनदा, दहादा. जीप ढिम्म.

"चाचा, सर्दी झाली तिला! काढा पाजा!" कुणीतरी ओरडलं. हसणं पार पाथरीपर्यंत गेलं असेल.

गर्दी पांगल्यावर मिस्त्री लादीवर बसला. स्वेटर भिजत होता, त्याला पत्ता नव्हता. परीक्षा बघायला आलेली आई कारखान्याच्या शेगडीवर चहा करून घेऊन आली तेव्हा तो बोलला.

"भाभी, मी वरचा बर्फ कवा बघितला न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पुण्याच्या डेपोत होतो. गाडी तयार करायची अन् वर पाठवायची. बावीस वर्सं. चालू झाली का न्हाई, कुणी कवाच कळीवलं न्हाई. ज्या मेल्या त्याच परत यायच्या. फुटलेलं इंजिन बगून शिकलो मी, थंडीनं कुठं चावा घेतला ते. जगल्या त्या वरच राहिल्या. मला निस्त्या मेलेल्याच दिसल्या." त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "तुमच्या पोरीचा जीव हाय. माझ्या भरवशावर जाऊ नका."

आईनं कप त्याच्या हातात दिला.

"डॉक्टर कवा बाळंत झालाय का, मिस्त्रीभाऊ? तरी बाळंतपण करतोयच की. आधी चहा प्या. मग हिला काय झालं ते बघा."

त्यानं चहा प्याला आणि बॉनेट उघडलं. खोलीतल्या ओलीनं प्लग भिजले होते, एवढंच. काढून शेगडीवर गरम केले, परत बसवले. तिसऱ्या हँडलला जीप अशी गरजली की कारखान्याच्या पत्र्यावरची कबुतरं थेट सेलूला जाऊन बसली.

प्रवासाचं वर्णन करत नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. एवढंच कबूल करतो की घाटात इंजिन तापायला लागलं आणि मी परभणीच्या सवयीनं गोणपाट ओलं करून रेडिएटरवर टाकलं. खिंडीत पोचेपर्यंत ते गोठून त्याचं दार झालं होतं, सागवानी. हवा बंद. आईनं वरवंट्यानं ते फोडलं. फोडताना ती गोणपाटाला काय बोलत होती आणि मला काय, हे वेगळं काढता येत नव्हतं.

तिथं पोचलो आणि नवव्या दिवशी बर्फ धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या पोटात कळा सुरू झाल्या. आदल्या संध्याकाळी थंडीनं मला पाठ-बिठ काही आठवेना, मी रजईत शिरलो होतो. आई एकटीच बाहेर गेली होती. तिनं कुंची बांधली, चाकाखाली धोंडे सारले आणि बॅटरी उचलून आणून स्वतःच्या अंथरुणात घेतली. सकाळी धरणाच्या वसाहतीतल्या सगळ्या जीपा बसलेल्या म्हशींसारख्या. ड्रायव्हर त्यांच्याखाली जाळ करत होते. आम्ही कुंची सोडली, बॅटरी चढवली. ताई दारात भाऊजींना धरून उभी, ओठ दाताखाली. पहिलं हँडल, काही नाही. दुसरं, तिसरं. ताई कण्हली. चौथ्याला जीप खोकली आणि लागली.

साखळ्यांच्या चाकांनी आम्ही खालच्या दवाखान्यापर्यंत उतरलो. दुपारी मुलगी झाली, लालबुंद.

फेब्रुवारीत मी परत आलो तो थेट लिंबाखाली. मिस्त्री पुढं आला. "कितव्या हँडलला?"

"चौथ्याला."

"तिसऱ्याला व्हायला पायजे हुती," तो म्हणाला आणि तिथंच टायरवर बसला. मग पुसले त्यानं डोळे, ग्रीसच्याच फडक्यानं. तोंड असं झालं की हॉटेलातल्यांना हसायची उत्तम संधी होती. कुणी हसलं नाही. मग तो जीपखाली सरकला, चासीच्या सांध्यातला 'वर'चा वाळका चिखल नखानं काढून त्यानं वास घेतला. महिनाभर त्यानं मला जीप धुऊ दिली नाही.

पुढच्या हिवाळ्यात भाऊजींनीच शब्द टाकला. धरणावर थंडी जाणणारा मिस्त्री हवा होता. आम्ही त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. अवजारांची पेटी, एक वळकटी, अंगात तोच स्वेटर. आईनं लाडवांचा डबा दिला. टवाळ मंडळी हार घेऊन आली होती. त्यातल्या एकानं वाकून पायही धरले, तेव्हा मिस्त्री घाबरून डब्यात चढला.

तो एका हिवाळ्यासाठी गेला आणि तिथलाच झाला. पहिल्या महिन्यात एक कार्ड आलं. अक्षर ताईचं, बोल त्याचे:

"मियाँ, बर्फ बघितला. पडताना आवाज होत न्हाई. मी उगंच कान लावून बसलो. समदं गुमान ऱ्हातंय. म्हून सकाळी गाडी चालू झाली की साऱ्या डोंगराला ऐकू जातंय."